न्यायाधीशांना जाब कोण विचारणार? संसद, न्यायालय आणि त्यांच्यातली रेघ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा न्यायालयात वकिली करताना कायद्याच्या प्रश्नांइतकेच हे प्रश्नही कानावर येतात. निकाल विरोधात गेलेला पक्षकार विचारतो, "आता यांची तक्रार आमदारसाहेबांकडे करू का?" कायद्याचे विद्यार्थी विचारतात, संसद सर्वोच्च असेल तर न्यायाधीश तिला उत्तरदायी का नाहीत? दोघांचेही प्रश्न रास्त आहेत आणि एका वाक्यात उरकण्यासारखे नाहीत.

न्यायाधीशांच्या वागणुकीवर देखरेख ठेवण्याचा अधिकार संसदेला आहे का?

आहे, पण फार अरुंद. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला पदावरून दूर करण्याची तरतूद घटनेच्या कलम 124(4) मध्ये आहे. कलम 217 आणि 218 नुसार तीच उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांना लागू होते. कारणं दोनच : सिद्ध झालेलं गैरवर्तन किंवा अक्षमता. 'सिद्ध झालेलं' हा शब्द महत्त्वाचा आहे. आरोप झाला, पेपरात आलं, लोक चिडले, एवढ्यावर संसद काही करू शकत नाही.

समज देणं, ताकीद देणं, काही काळ काम काढून घेणं यातलं काहीही संसदेच्या हातात नाही. एक तर पदावरून काढायचं, नाही तर गप्प बसायचं. अडचणीचं मूळ माझ्या मते इथेच आहे.

सत्तांचं विभाजन घटनेत लिहिलेलं आहे का?

अमेरिकेच्या घटनेत कायदे करणं, कारभार चालवणं आणि न्याय देणं या तीन सत्ता तीन अनुच्छेदांत वेगवेगळ्या वाटून दिल्या आहेत. तसं आपल्याकडे नाही. कलम 50 सांगतं की राज्यानं न्याययंत्रणा कार्यकारी यंत्रणेपासून अलग करावी, पण ते मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे, म्हणजे न्यायालयाकडून त्याची सक्ती करून घेता येत नाही. संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळ विधिमंडळातूनच येतं, त्यामुळे या दोघांत पक्की भिंत नाहीच. न्यायपालिकेचं वेगळेपण मात्र केशवानंद भारती (1973) आणि इंदिरा गांधी विरुद्ध राज नारायण (1975) या निकालांनंतर घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग मानलं जातं. घटनादुरुस्ती करूनही ते मोडता येत नाही.

निकाल उघडउघड चुकीचा असेल, तरी खासदारांनी काहीच करायचं नाही?

करायचं ना! कायदा बदलायचा. न्यायालयानं लावलेला अर्थ संसदेला मान्य नसेल तर तिनं तो कायदाच दुरुस्त करावा, हा तिचा हक्क आहे. पण निकाल चुकला म्हणून न्यायाधीशाला ओढायचं नाही. चुकीच्या निकालावर उपाय म्हणजे अपील, पुनर्विलोकन याचिका (त्याच न्यायालयाला निकाल पुन्हा तपासायला सांगणं), मोठं पीठ (जास्त न्यायाधीशांपुढे सुनावणी).

निकाल आणि वर्तन यांतली ही रेघ समजली की निम्मा गोंधळ संपतो. न्यायाधीशानं जामीन का दिला, हा प्रश्न अपिलात जातो. त्यासाठी पैसे घेतले का, हा वर्तनाचा प्रश्न आहे. पहिल्याची भीती दाखवून न्यायाधीशाला वाकवता आलं तर सरकारच्या विरोधात निकाल द्यायला कुणी धजावणार नाही. दुसऱ्याबद्दल विचारलंच नाही तर अपील करण्यातही अर्थ राहत नाही. मला दोन्ही गोष्टींची सारखीच काळजी वाटते.

आमदार किंवा खासदार सभागृहात न्यायाधीशांबद्दल बोलू शकतात का?

सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशानं कर्तव्य बजावताना केलेल्या वर्तनाबद्दल संसदेत चर्चा करता येत नाही, असं कलम 121 सांगतं. अपवाद एकच : पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव सभागृहापुढे असेल तर. राज्यांसाठी कलम 211 आहे आणि तिथे तो अपवादही नाही. उलट बाजूनं, सभागृहाचं कामकाज रीतसर झालं नाही या कारणावरून न्यायालयांना त्यात डोकावता येत नाही (कलम 122 आणि 212). दोन शेजाऱ्यांनी एकमेकांच्या अंगणात पाय टाकायचा नाही, असा हा करार आहे.

करार मोडला की काय होतं, ते मार्च 1964 मध्ये उत्तर प्रदेशात दिसलं. गोरखपूरच्या केशव सिंह नावाच्या कार्यकर्त्यानं एका आमदाराविरुद्ध पत्रक काढलं. विधानसभेनं तो हक्कभंग ठरवला, त्याला बोलावून समज दिली आणि तिथल्या त्याच्या वागण्यावरून सात दिवसांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. त्याच्या वकिलानं अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाकडे धाव घेतली. न्या. बेग आणि न्या. सहगल यांनी जामीन दिला. 21 मार्चला विधानसभेनं ठराव केला, की या दोन्ही न्यायमूर्तींना आणि वकिलाला ताब्यात घेऊन सभागृहापुढे हजर करा!

न्यायमूर्तींनी स्वतः अर्जदार होऊन आपल्याच न्यायालयाचं दार ठोठावलं. उच्च न्यायालयाचे 28 न्यायमूर्ती एकत्र बसले आणि त्यांनी विधानसभेच्या ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. एका राज्यात विधानसभा आणि उच्च न्यायालय असे समोरासमोर उभे ठाकल्यावर राष्ट्रपतींनी प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे मत मागण्यासाठी पाठवला. सरन्यायाधीश पी. बी. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील सात न्यायाधीशांच्या पीठानं सहा विरुद्ध एक असं मत दिलं : त्या न्यायमूर्तींनी सभागृहाचा अवमान केलेला नाही, आणि याचिका ऐकल्याबद्दल विधानसभा त्यांना आपल्यापुढे उभं करू शकत नाही. पुढे 1965 मध्ये उच्च न्यायालयानं केशव सिंहची याचिका गुणदोषांवर फेटाळली. हे मला फार मोलाचं वाटतं. न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवण्यासाठी नव्हे, तर त्याचं म्हणणं ऐकण्याचा अधिकार राखण्यासाठी ही झुंज दिली होती.

महाभियोगाची प्रक्रिया नेमकी कशी चालते?

आधी शब्दाबद्दल. 'महाभियोग' हा शब्द घटनेत फक्त राष्ट्रपतींसाठी आहे (कलम 61). न्यायाधीशांसाठी 'पदावरून दूर करणं' अशी शब्दयोजना आहे. रोजच्या बोलण्यात मात्र महाभियोगच रूढ झाला आहे, म्हणून मीही तो वापरतो.

प्रक्रिया न्यायाधीश (चौकशी) अधिनियम, 1968 मध्ये आहे. लोकसभेतून नोटीस द्यायची तर किमान 100 आणि राज्यसभेतून द्यायची तर किमान 50 सदस्यांच्या सह्या लागतात. लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती ती स्वीकारतात किंवा नाकारतात. स्वीकारली तर तिघांची समिती नेमली जाते : सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश, एखाद्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि एक नामवंत कायदेतज्ज्ञ. समिती आरोप निश्चित करते, पुरावे घेते, न्यायाधीशाला बाजू मांडू देते. दोष सिद्ध होत नाही असं समितीनं म्हटलं की विषय तिथेच संपतो, सभागृहात कितीही बहुमत असलं तरी. दोष सिद्ध झाला तर दोन्ही सभागृहांत एकाच अधिवेशनात प्रस्ताव मंजूर व्हावा लागतो. त्यासाठी एकूण सदस्यसंख्येचं बहुमत हवं, शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश सदस्यांचा पाठिंबा हवा. मग राष्ट्रपतींचा आदेश निघतो.

म्हणजे सत्य शोधण्याचं काम न्यायाधीश आणि कायदेतज्ज्ञांकडे आहे, शेवटचा निर्णय लोकप्रतिनिधींकडे. कागदावर ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे.

मग आजवर किती न्यायाधीश असे काढले गेले?

1950 पासून 2025 अखेरपर्यंत एकही नाही.

असं कसं? सगळेच निर्दोष होते?

नाही. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश व्ही. रामस्वामी यांचं प्रकरण पाहा. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना त्यांनी सरकारी निवासस्थान, फर्निचर, गालिचे अशा गोष्टींवर केलेला सरकारी पैशाचा खर्च वादात सापडला. लोकसभेच्या 108 सदस्यांनी नोटीस दिली आणि अध्यक्ष रवी राय यांनी ती मार्च 1991 मध्ये स्वीकारली. मग लोकसभाच बरखास्त झाली. प्रस्तावही संपला का, असा पेच पडला, तेव्हा नाही, असा प्रस्ताव सभागृहाबरोबर संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. चौकशी समितीत न्या. पी. बी. सावंत, मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई आणि निवृत्त न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी होते. 14 पैकी 11 आरोप सिद्ध झाले, असा त्यांचा अहवाल.

मे 1993 मध्ये प्रस्ताव लोकसभेत आला. अध्यक्षांच्या खुर्चीवर लातूरचे शिवराज पाटील होते. सोमनाथ चटर्जी यांनी प्रस्ताव मांडला. रामस्वामींच्या वतीनं कपिल सिब्बल यांनी, तेव्हा केवळ वकील म्हणून, सभागृहापुढे युक्तिवाद केला. चर्चा झाली, मतदान झालं. बाजूनं 196 मतं. विरोधात शून्य. आणि सत्ताधारी काँग्रेस व तिच्या मित्रपक्षांचे 205 सदस्य सभागृहात बसून होते, पण त्यांनी बटण दाबलं नाही.

एकाही खासदारानं उठून "हा माणूस निर्दोष आहे" असं मत नोंदवलं नाही, तरी प्रस्ताव पडला, कारण एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताचा आकडा गाठता आला नाही. रामस्वामी फेब्रुवारी 1994 मध्ये निवृत्त झाले, न्यायाधीश म्हणूनच. समितीनं आपलं काम चोख केलं होतं, हरली ती राजकीय इच्छा. सगळा भार संसदेवर टाकून मोकळं होऊ म्हणणाऱ्यांनी ही तारीख विसरू नये.

राजीनामा दिला तर प्रकरण संपतं का?

पदावरून दूर करण्याची कारवाई संपते, कारण दूर करायला पदच उरत नाही. कोलकाता उच्च न्यायालयाचे न्या. सौमित्र सेन यांच्यावर ठपका होता तो वकील असताना न्यायालयानं नेमलेले रिसीव्हर (वादातली मालमत्ता सांभाळणारी व्यक्ती) म्हणून हाताळलेल्या पैशांचा. राज्यसभेनं 18 ऑगस्ट 2011 रोजी त्यांच्याविरुद्धचा प्रस्ताव 189 विरुद्ध 17 मतांनी मंजूर केला. एखाद्या सभागृहात असा प्रस्ताव मंजूर होण्याची ती पहिलीच वेळ. लोकसभेत विषय येण्याआधीच, 1 सप्टेंबरला, त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये सिक्कीमचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. दिनकरन यांनीही चौकशी समितीचं काम चालू असतानाच पद सोडलं होतं.

चौकशी सुरू झाल्यावर राजीनामा आला तरी समितीनं निष्कर्ष नोंदवावेत, अशी तरतूद असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. पद गेलं तरी खरं काय ते कळण्याचा लोकांचा हक्क राहतोच. आणि निर्दोष न्यायाधीशावरचा डागही त्यानंच पुसला जाईल.

सभापती नोटीस फेटाळू शकतात का? हा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा?

फेटाळू शकतात. 1970 मध्ये न्या. जे. सी. शाह यांच्याविरुद्धची नोटीस लोकसभा अध्यक्ष गुरदयाल सिंग धिल्लाँ यांनी नाकारली आणि त्याच वर्षाअखेर शाह सरन्यायाधीश झाले. एप्रिल 2018 मध्ये सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्याविरुद्ध राज्यसभेच्या 64 विद्यमान सदस्यांच्या सह्यांची नोटीस आली, ती सभापती व्यंकय्या नायडू यांनी तीन दिवसांत फेटाळली.

चाळणी हवीच. नाहीतर प्रत्येक नाराज गट 50 सह्या गोळा करून न्यायाधीशांना धाकात ठेवील. पण निर्णय किती दिवसांत द्यायचा, याची मुदत 1968 च्या कायद्यात नाही. नोटीस नुसती पडून राहिली तर न्यायाधीशाच्या डोक्यावर टांगती तलवार राहते आणि तक्रारदारालाही उत्तर मिळत नाही. ही दुरुस्ती साधी आहे आणि तिच्यात कुणाच्या स्वातंत्र्याला धक्का लागत नाही.

काढून टाकण्याइतकी गंभीर नसलेली वागणूक असेल तर?

त्यासाठी न्यायपालिकेची स्वतःची 'अंतर्गत चौकशी' पद्धत आहे. तिचं मूळ मुंबईत आहे. 1995 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्यावर परदेशी प्रकाशकाकडून मिळालेल्या मानधनावरून आरोप झाले, वकील संघटनांनी राजीनाम्याची मागणी करणारे ठराव केले आणि त्यांनी पद सोडलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. वकिलांनी ठराव करून न्यायाधीशावर दबाव आणू नये, पण साधं गैरवर्तन आणि पदच्युतीला पात्र गैरवर्तन यांच्यामध्ये पोकळी आहे आणि ती सरन्यायाधीशांमार्फत अंतर्गत उपायांनी भरावी, असं न्यायालयानं म्हटलं.

त्यानंतर 1997 मध्ये न्यायाधीशांसाठी 16 कलमी आचारमूल्यं स्वीकारली गेली. वकिलांशी, विशेषतः त्याच न्यायालयात काम करणाऱ्यांशी, फार जवळीक नको. घरातलं कुणी वकील असेल तर न्यायाधीशाच्या निवासस्थानातून वकिली नको. राजकीय विषयांवर जाहीर मतप्रदर्शन नको. शेअर बाजारात सट्टा नको. 1999 मध्ये अंतर्गत चौकशीची कार्यपद्धती ठरली : उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाविरुद्धच्या तक्रारीत तथ्य दिसलं तर सरन्यायाधीश इतर उच्च न्यायालयांच्या दोन मुख्य न्यायमूर्तींची आणि एका न्यायाधीशाची समिती नेमतात. दोष गंभीर ठरला तर राजीनामा किंवा निवृत्ती सुचवतात. ऐकलं नाही तर काम काढून घेतात आणि राष्ट्रपती व पंतप्रधानांना कळवतात. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्या. यशवंत वर्मा यांच्या दिल्लीतल्या निवासस्थानी आग लागल्यावर तिथे जळालेल्या नोटा आढळल्याच्या प्रकरणात हीच पद्धत वापरली गेली. पुढे दोन्ही सभागृहांत नोटिसा आल्या आणि ऑगस्टमध्ये लोकसभा अध्यक्षांनी 1968 च्या कायद्याखाली समिती नेमली.

या पद्धतीतली उणीव म्हणजे गुप्तता. तक्रार केली, तिचं पुढे काय झालं, हे बहुतेक वेळा तक्रारदारालाही कळत नाही. कित्येकदा दिसते ती फक्त बदली. बदली ही शिक्षा असेल तर ज्या राज्यात ते न्यायाधीश जातात तिथल्या पक्षकारांनी काय गुन्हा केला?

न्यायाधीशांवर भ्रष्टाचाराचा गुन्हा दाखल होऊ शकतो का?

होऊ शकतो. के. वीरास्वामी प्रकरणात (1991) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचे न्यायाधीशही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या अर्थानं लोकसेवक आहेत. मात्र गुन्हा नोंदवण्याआधी सरन्यायाधीशांशी विचारविनिमय केला पाहिजे. जानेवारी 2025 मध्ये लोकपालांनी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आपल्या कक्षेत येतात असं म्हटलं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली.

संसदेनं मधला मार्ग देणारा कायदा का केला नाही?

प्रयत्न झाला. न्यायिक मानके आणि उत्तरदायित्व विधेयक 2010 मध्ये आलं, मार्च 2012 मध्ये लोकसभेत मंजूरही झालं. राज्यसभेत अडकलं आणि 2014 मध्ये पंधरावी लोकसभा बरखास्त झाल्यावर बाद झालं. त्यात कोणालाही तक्रार करता येईल अशी सोय होती, ताकीद देण्यासारखे सौम्य उपाय होते, मालमत्ता जाहीर करण्याचं बंधन होतं.

पण त्यातली एक तरतूद वाईट होती. इतर घटनात्मक संस्थांच्या वर्तनावर भर कोर्टात अनावश्यक शेरे मारायचे नाहीत, असं ती सांगत होती. आता सुनावणीत न्यायाधीश सरकारी वकिलाला विचारतात, "तुमचा विभाग सहा महिने झोपला होता का?" हा शेरा अनावश्यक की आवश्यक, ते ठरवणार कोण? ज्याच्यावर शेरा मारला तोच तक्रार करणार! नीतिमत्तेच्या नावाखाली न्यायाधीशाची जीभ बांधणं म्हणजे ती रेघ ओलांडणंच. अशी कलमं बाजूला ठेवून चांगला कायदा करता येतो. आचारसंहितेला संसदेनं कायद्याचं बळ द्यावं, चौकशी समितीत न्यायाधीशांचं बहुमत असावं, सरकारचा प्रतिनिधी नसावा, निष्कर्षाचा सारांश जाहीर व्हावा. माझ्या दृष्टीनं एवढं पुरेसं आहे.

हा वाद आणि कॉलेजियमचा वाद एकच आहे का?

नाही. कॉलेजियम म्हणजे नव्या न्यायाधीशांची नावं सुचवणारा ज्येष्ठ न्यायाधीशांचा गट. तो नेमणुकांचा प्रश्न आहे. संसदेनं 99 व्या घटनादुरुस्तीनं राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला, तो सर्वोच्च न्यायालयानं 16 ऑक्टोबर 2015 रोजी चार विरुद्ध एक मतानं रद्द केला. नेमणूक कशीही झाली तरी नंतरच्या वर्तनाचा प्रश्न वेगळाच उरतो.

न्यायाधीशांची मालमत्ता लोकांना पाहता येते का?

सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी 1 एप्रिल 2025 रोजी ती जाहीर करायचं ठरवलं आणि मे महिन्यात बहुतेकांची माहिती न्यायालयाच्या संकेतस्थळावर आली. हे स्वेच्छेनं झालं आहे, कायद्यानं नव्हे. ही चांगली सुरुवात आहे.

इतर देशांत काय पद्धत आहे?

आपली तरतूद ब्रिटनच्या वाटेनं आली. 1701 च्या कायद्यानं तिथल्या न्यायाधीशांना सद्वर्तन असेतोवर पद मिळालं, आणि दोन्ही सभागृहांनी विनंती केली तरच त्यांना काढता येईल असं ठरलं. या मार्गानं काढले गेलेले एकमेव न्यायाधीश म्हणजे आयर्लंडचे सर जोना बॅरिंग्टन, 1830 मध्ये. साध्या तक्रारींसाठी तिथे आता वेगळं चौकशी कार्यालय आहे. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाचे सॅम्युअल चेस यांच्यावर महाभियोग चालला आणि 1805 मध्ये सेनेटनं त्यांना निर्दोष सोडलं. मतं आवडत नाहीत म्हणून न्यायाधीश काढायचे नाहीत, हा पायंडा तिथून पडला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं स्वतःची आचारसंहिता मात्र नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केली, तीही बरीच टीका झाल्यावर.

माझी तक्रार तालुका किंवा जिल्हा न्यायालयातल्या न्यायाधीशाबद्दल आहे. आमदार, खासदारांकडे जाऊ का?

जाऊ नका, तिथे उपयोग होत नाही. कलम 235 नुसार कनिष्ठ न्यायालयांवर उच्च न्यायालयाचं नियंत्रण आहे. तक्रार उच्च न्यायालयाच्या महानिबंधकांच्या नावानं पाठवायची. निनावी पाठवू नका, सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. आणि तक्रारीत निकालाबद्दल एक ओळही लिहू नका.

एक पक्षकार माझ्याकडे सहा पानी मसुदा घेऊन आले होते. साडेपाच पानं निकाल कसा चुकला यावर होती. शेवटच्या अर्ध्या पानावर लिहिलं होतं, की सुनावणी चालू असताना समोरच्या पक्षाचा माणूस चेंबरमध्ये जाताना दोनदा दिसला, अमुक तारखेला, अमुक वेळी. मी त्यांना साडेपाच पानांचं अपील करायला सांगितलं आणि उरलेल्या अर्ध्या पानाची तक्रार.